तिकीट राइडचं, दिवस रांगेचा

१३ जून २०१९ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो शहरात, युनिव्हर्सलच्या ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ या थीम पार्कमध्ये हॅरी पॉटरच्या दुनियेतला एक नवा रोलर कोस्टर सुरू झाला. हॅग्रिड या धिप्पाड, भाबड्या पात्राच्या नावाचा. पहिल्याच दिवशी त्याची रांग दहा तासांवर गेली. कोस्टरवरची फेरी मात्र काही मिनिटांत आटोपणारी. फ्लोरिडातला जून म्हणजे दमट उकाडा आणि दुपारची वादळं, तरीही माणसं उभी होती. या बातमीकडे वेडेपणाचा नमुना म्हणून बघितलं गेलं. पण तासांचा आकडा थोडा उतरवला, की खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये, बंगळुरूच्या वंडरलामध्ये किंवा सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत गर्दीच्या कुठल्याही रविवारी हेच चाललेलं दिसतं: पाऊण-एक तास उभं राहायचं आणि दोन-तीन मिनिटं बसायचं. मित्रमैत्रिणींचा ग्रुप जमवून अशी सहल ठरते तेव्हा चर्चा सगळी राइड्सची होते. कुठला कोस्टर उंच, कुठला उलटा टांगतो, कशावर बसायची कुणाची छाती आहे. दिवसाचा मोठा हिस्सा जिथे जाणार त्या रांगेचं नावही कुणी काढत नाही. खरं तर थीम पार्कची सुट्टी रंगणार की विस्कटणार हे बहुतांशी रांगेतच ठरतं. म्हणून सोबत कोण आहे आणि त्यांच्याशी आधी काय ठरलं आहे, हा प्रश्न राइड्सच्या यादीपेक्षा मोठा आहे.

रांग म्हणजे पार्कवाल्यांचा गलथानपणा, असं वाटणं साहजिक आहे आणि कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा रांग हा साध्या भागाकाराचा परिणाम असतो. एका कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते असं धरलं, तर तासाला १,४४० जणांची फेरी होते. हा सगळं सुरळीत चालल्यावरचा हिशेब. दीड मिनिटाला एक गाडी सुटू लागली की आकडा थेट ९६०वर येतो. आता समजा, एका पार्कमध्ये २० राइड्स आहेत आणि प्रत्येक राइड सरासरी तासाला १,००० माणसं नेते. म्हणजे सगळ्या मिळून तासाला २०,००० जागा झाल्या. त्या दिवशी पार्कमध्ये तेवढेच लोक असतील, तर सरासरीने एकेकाच्या वाट्याला तासाला एक राइड आली. कुणी पळापळ करून दोन मिळवल्या, तर दुसऱ्या कुणाची एक हुकली. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात असा दिवस धरून जेवणाचा तास वजा केला, तर उरतात सात राइड्स. एकेक तीन मिनिटांची धरली तर एकवीस मिनिटं. या एकवीस मिनिटांसाठी सुट्टी काढलेली असते, गाडी ठरवलेली असते, विमानाचं तिकीटही काढलेलं असतं. बाकीचा दिवस चालण्यात, खाण्यात आणि उभं राहण्यात जातो.

मग गाड्या भराभर सोडायला काय हरकत आहे? हरकत सुरक्षेची आहे आणि तिचं तत्त्व रेल्वेच्या सिग्नलचंच आहे. कोस्टरचा रूळ वेगवेगळ्या टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी ब्रेक सोडत नाही. त्यामुळे सगळी मदार येते फलाटावर. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’चं उदाहरण घ्या. ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने धावणारा, पाच वेळा उलटंपालटं करणारा हा स्विस बनावटीचा कोस्टर. गाडीला तळच नाही. माणसं बसली, खांद्यावरून पट्टे खाली आले, कर्मचाऱ्याने एकेक पट्टा ओढून पाहिला, की पायाखालची फलाटाची जमीन बाजूला होते आणि पाय अधांतरी लोंबकळतात. एवढं होईपर्यंत कुणाचा मोबाइल खिशातून निघायचा असतो, कुणाच्या चपला काढून ठेवायच्या असतात, कुणाला ऐन वेळी ‘मला उतरायचंय’ असं म्हणायचं असतं. तिथला कर्मचारी प्रत्येक ग्रुपला एकच प्रश्न विचारतो, ‘किती जण?’ एका ओळीत चार जागा असतात. पाच जणांचा ग्रुप असेल, तर पाचवा मागच्या ओळीत अनोळखी लोकांत बसतो, नाहीतर पाचही जण ‘आम्ही पुढच्या गाडीत येतो’ म्हणून बाजूला होतात. अशा प्रत्येक खळखळीची वीस-तीस सेकंदं मागच्या शेकडो माणसांच्या खात्यावर चढतात.

रांग नेहमीच एवढी लांब नव्हती. तिच्या वाढण्यामागे तिकिटाच्या पद्धतीचा मोठा हात आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं तेव्हा प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक राइडचं वेगळं होतं. आपल्याकडच्या जत्रेत आजही आकाशपाळण्याचं वेगळं आणि मौत का कुआँचं वेगळं असतं, तसंच. पुढे राइड्सच्या तिकिटांची पुस्तकं निघाली, त्यांत प्रतवारी आली, आणि १९५९पासून सगळ्यात भारी राइड्ससाठी ‘ई’ दर्जाचं तिकीट लागू लागलं. पुस्तकात ‘ई’ची तिकिटं मोजकी असत, त्यामुळे ती कुठे खर्च करायची याचा माणूस विचार करी. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१मध्ये नेमक्या याच प्रश्नावर एक गाजलेला निबंध लिहिला: डिस्नीलँडसारख्या मालकाने कमाई दारावर करावी की पाळण्यावर? १९८२मध्ये डिस्नीने तिकिटांची पुस्तकं बंद केली आणि एका तिकिटात सगळ्या राइड्स दिल्या. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही आज हीच पद्धत रुळली आहे. ग्राहकाला ती आवडली, कारण दर वेळी पाकीट काढायची कटकट गेली. पण पैशाने जी वाटणी होत होती, ती कशाने तरी होणारच होती. ती वेळाने होऊ लागली. दारावर एकदा पैसे मोजल्यावर आतल्या प्रत्येक राइडची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी उभं राहण्याचा वेळ. ज्या राइडचं नाव मोठं, तिची रांग मोठी.

यावर उपाय म्हणून १९९९मध्ये डिस्नीने ‘फास्टपास’ आणला. यंत्रातून वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, मधल्या काळात दुसरीकडे फिरायचं आणि ठरलेल्या वेळी छोट्या रांगेतून आत शिरायचं. हे सगळं फुकट होतं. कल्पना छानच होती, पण चिठ्ठ्या छापल्याने कोस्टरच्या जागा वाढत नाहीत. चिठ्ठीवाला माणूस रांगेत दिसत नाही इतकंच. त्याची जागा तर धरलेलीच असते. मधल्या वेळात तो दुसऱ्या राइडच्या रांगेत उभा राहतो आणि तिथली रांग वाढवतो. चिठ्ठी नसलेल्यांची रांग त्यामुळे आणखी हळू सरकते. २०२१मध्ये ही फुकट सोय गेली आणि तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. युनिव्हर्सलकडे एक्सप्रेस पास विकत मिळतो, आपल्याकडे वंडरलामध्ये फास्टट्रॅकचं तिकीट मिळतं. म्हणजे १९८२मध्ये पुढच्या दाराने गेलेलं राइडचं वेगळं तिकीट मागच्या दाराने परत आलं. फरक असा, की आता पैसे राइडसाठी मोजायचे नसून रांग टाळण्यासाठी मोजायचे आहेत. रांग हाच मुख्य अनुभव आहे हे पार्कवाल्यांना नीट कळलं आहे, म्हणूनच तर तिच्यातून सुटका विकली जाते.

उभं राहणं सुसह्य करण्याचं शास्त्रही त्यांनी कसून वापरलं आहे. सेवा व्यवसायांचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातली निरीक्षणं आज या धंद्यात पाठ असतात. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं वाढतं. कारण न सांगता थांबवलं तर माणूस चिडतो. आपल्या मागून आलेला पुढे गेला, की सगळ्यात जास्त चिडतो. म्हणून रांगेच्या तोंडाशी ‘येथून ४५ मिनिटे’ असा फलक असतो. म्हणून रांग नागमोडी असते: एकच रांग, पहिला आलेला पहिला, आणि किती माणसं पुढे आहेत याचा नजरेला अंदाज येत नाही. डिस्नीच्या ‘हाँटेड मॅन्शन’मधली एक गंमत यासाठी पाहण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियातली ही राइड १९६९मध्ये सुरू झाली. पार्कच्या हद्दीवरच्या रेल्वेच्या बांधाखालून लोकांना पलीकडे न्यायचं होतं, म्हणून अष्टकोनी खोलीच्या रूपात एक मोठी लिफ्ट बसवली. खोली खाली जाताना भिंतीवरची चित्रं लांबत जातात आणि वर रंगवलेल्या सभ्य माणसांच्या पायाखाली काय भयंकर वाढून ठेवलं आहे ते दिसतं. फ्लोरिडात तीच राइड बांधताना खाली नेण्याची गरज नव्हती. तरीही खोली ठेवली. तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. गरजेपोटी केलेली युक्ती लोकांना एवढी आवडली, की गरज संपल्यावरही ती राखावी लागली. राइडपर्यंत पोहोचण्याचा वेळच खेळ झाला.

मेस्टर यांच्या यादीतलं शेवटचं निरीक्षण आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतं: एकट्याने थांबणं सोबतीने थांबण्यापेक्षा लांब वाटतं. पार्कवाले पंखे लावतील, गाणी वाजवतील, भिंती रंगवतील; पण सोबत ते पुरवू शकत नाहीत, ती आपणच न्यावी लागते. आणि मित्रांची सोबत इथे विशेष कामाची असते, याला कारण आहे. कुटुंबाच्या सहलीत कामं आधीच वाटलेली असतात. कुणीतरी पाण्याची बाटली सांभाळतं, कुणीतरी लहानग्याला उचलून घेतं, कुणीतरी पैसे देतं. रांगेतला बराचसा वेळ व्यवस्थेत जातो. मित्रांच्या ग्रुपमध्ये सगळे एका पातळीवर असतात आणि कुणाकडेच काही काम नसतं. नोकरी लागल्यापासून, लग्न झाल्यापासून, शहरं बदलल्यापासून ज्यांची भेट हॉटेलात दीड तास जेवण्यापुरतीच होत आली आहे, त्यांना लोखंडी कठड्यांमध्ये पाऊण तास एकमेकांसमोर उभं केलं जातं. उठून जायची सोय नाही, वेटर बिल घेऊन येत नाही. गप्पा रंगायला लागणारा निवांतपणा आज विकत घेऊ म्हटलं तरी मिळत नाही. तो इथे तिकिटात आपोआप येतो, फक्त तो मिळतोय हे आपल्या लक्षात येत नाही.

सोबतीने अनुभव बदलतो, याला प्रयोगांचा आधार आहे. येल विद्यापीठात एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा आहे. चॉकलेट खायला दिलं. कधी शेजारचा माणूसही त्याच वेळी तेच चॉकलेट खात होता, कधी दुसरंच काही करत होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तरीही दोघांनी एकदम खाल्लेलं चॉकलेट लोकांना जास्त चविष्ट लागलं. मग कडू चॉकलेट दिलं, तर तेही एकत्र खाताना जास्त वाईट लागलं. एकत्र घेतलेला अनुभव गडद होतो, गोड असो वा कडू. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ ब्रॉक बास्टियन यांच्या चमूने आणखी एक गोष्ट दाखवली. अनोळखी माणसांच्या छोट्या गटांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावले, झोंबणारी मिरची खायला दिली. ज्या गटांनी हा त्रास एकत्र सोसला, ते नंतरच्या खेळात एकमेकांशी जास्त सहकार्याने वागले. थीम पार्कचा दिवस या दोन्ही प्रयोगांचं मिश्रण आहे. पाय दुखतात, घामाने शर्ट अंगाला चिकटतो, छातीत धडधडतं आणि हे सगळं चार-पाच जणांना एकाच वेळी होत असतं. जवळीक वाढायला ही परिस्थिती चांगली आहे. पण चॉकलेटच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग विसरून चालणार नाही. वैतागही एकत्र घेतला की गडद होतो. एकाने तोंड वाकडं केलं, की तासाभरात पाचही तोंडं वाकडी होतात.

रांग कितीही कंटाळवाणी असली तरी घरी आल्यावर कुणाला आठवते, लक्षात राहतो तो कोस्टरच, मग रांगेचा एवढा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात ठेवला. दुसऱ्यांदा तितकाच वेळ, आणि वर आणखी अर्धा मिनिट किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळेचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवणीत अनुभवाची लांबी फारशी मोजली जात नाही; त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट मोजला जातो. दीड मिनिटाचा हा प्रयोग अख्ख्या दिवसाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यातली दिशा उपयोगी आहे. तीव्र क्षण पार्क पुरवतं. शेवट मात्र आपल्या हातात असतो, आणि तिथेच बहुतेक ग्रुप चुकतात. संध्याकाळी साडेसहाला, सगळे थकलेले असताना, ‘पैसे वसूल’ करण्यासाठी आणखी एका तासाच्या रांगेत शिरतात. मध्येच राइड बंद पडते किंवा वेळ संपते, बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, आणि सहलीची आठवण त्या अबोल्यावर संपते. रांगेचा विचार करायचा तो यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मित्रांच्या संगतीत माणूस नको ते करतो. ‘चल रे, घाबरतोस काय’ या चार शब्दांनी किती जण इच्छेविरुद्ध कोस्टरवर चढले असतील, त्याला गणती नाही. हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, गरोदरपण असताना या राइड्स टाळाव्यात असे फलक प्रत्येक राइडच्या तोंडाशी असतात आणि ते शोभेसाठी लावलेले नसतात. पण आपलं दुखणं किंवा आपली भीती सगळ्यांसमोर सांगायची वेळ रांगेच्या शेवटी येते, जिथे मागे दोनशे माणसं उभी असतात. याचं उत्तर मित्र टाळणं हे नाही. तो निर्णय रांगेच्या आधी हलवणं हे आहे. कोण कशावर बसणार नाही हे आदल्या दिवशी, हसतखेळत, कारण न विचारता ठरवता येतं. प्रत्येक ग्रुपमध्ये एक पिशव्या सांभाळणारा असतोच. सगळ्यांच्या बॅगा, टोप्या, गॉगल मांडीवर घेऊन तो बाकावर बसलेला दिसतो, आणि सहलीचा सगळ्यात एकाकी वेळ त्याच्या वाट्याला येतो. बॅगा लॉकरमध्ये ठेवून त्यालाही रांगेत शेवटपर्यंत सोबत न्यायला काय हरकत आहे? फलाटावरून न बसता पलीकडे निघून जाण्याची वाट साधारणपणे असते. तीन मिनिटांची राइड चुकली तरी पाऊण तासाच्या गप्पा त्याच्या पदरात पडतील, आणि फायदा बहुतेक याच सौद्यात जास्त आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. रांग एवढी त्रासाची, तर एक्सप्रेस पास घ्या आणि मोकळे व्हा. ज्याला परवडतं त्याने घेण्यात गैर काय? पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणाऱ्या वारकऱ्याला आणि व्हीआयपी दर्शन घेणाऱ्याला विठोबा एकच दिसतो, पण दोघांची यात्रा एक होत नाही. बारीतले तास हा यात्रेचाच भाग असतो. थीम पार्कला देवळाचं पावित्र्य नाही, त्यामुळे तिथे पैसे भरून पुढे जाण्यात नैतिक गुन्हा शोधू नये. एका दिवसासाठी परदेशात गेलेल्या, पुन्हा येण्याची शक्यता नसलेल्या प्रवाशाने पास घेतला तर ते शहाणपणच ठरेल. अडचण आहे ती ग्रुपमध्ये. मित्रांचे पगार सारखे नसतात. हॉटेलचा हिशेब टीटीएमएम (‘तू तुझं, मी माझं’) पद्धतीने सुटतो, कारण जेवण एकाच टेबलावर होतं. पण पाचपैकी दोघांनी पास घेतला, तर ते दोघं वेगळ्या दाराने आत जातात आणि ग्रुप उभा चिरतो. आणि पाचांनी घेतला पण दोघांनी ओढाताण करून घेतला, तर तो वसूल करण्याच्या नादात दिवसभर धावपळ होते. म्हणून पास सगळ्यांनी घ्यावा किंवा कुणीच घेऊ नये, आणि हा निर्णय ग्रुपमधल्या सगळ्यात कमी ऐपतीच्या माणसाला अवघड न वाटेल असा करावा. तो पार्कच्या दारात, खिडकीसमोर घेऊ नये. तिथे नाही म्हणणं जड जातं.

मग सरळ कमी गर्दीच्या दिवशी जावं, शाळा चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरच आहे. पावसाळ्यातला मंगळवार आणि मे महिन्यातला रविवार यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण मित्रांच्या सहलीला हाच सल्ला सगळ्यात कमी लागू पडतो. चार कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, दोन शहरांत राहणाऱ्या पाच जणांची सुट्टी जुळते ती दिवाळीत, २६ जानेवारीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी किंवा नाताळात. म्हणजे जेव्हा सगळ्यांची जुळते तेव्हाच. डिस्नीने २०१६पासून अमेरिकेत गर्दीच्या दिवसांचे दर चढे ठेवायला सुरुवात केली. तरीही अशा ग्रुपला दिवस बदलता येत नाही. त्यामुळे मित्रांच्या ग्रुपने गर्दी गृहीत धरूनच निघावं. दार उघडतानाच्या पहिल्या तासात नाव मोठं असलेल्या दोन राइड्स कराव्यात, दुपारच्या ऐन गर्दीत जेवण आणि छताखालचे खेळ ठेवावेत, आणि बाकीचा दिवस मोकळा सोडावा.

शेवटचा आक्षेप अभिरुचीचा. हे सगळं खोटं आहे, असं म्हणणारा एक वर्ग कायम असतो. प्लास्टिकचे डोंगर, सिमेंटचे किल्ले, ठरवून दिलेली भीती. त्यापेक्षा राजगडावर जा, कोकणात जा. विचारवंतांनीही थीम पार्कवर सडकून टीका केली आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ बोद्रियार यांनी १९८१मध्येच डिस्नीलँडला नकली जगाचा अर्क ठरवलं. गडाची सर सिमेंटच्या किल्ल्याला येणार नाही, यात वाद नाही. पण थीम पार्कचा खोटेपणा कुणापासून लपलेला नसतो. इमॅजिकातल्या नदीच्या राइडमध्ये अंगावर येणारा राजासॉरस यंत्राचा आहे हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. या नावाचा डायनोसॉर गुजरातमध्ये खरोखर होऊन गेला, ही त्यातली अस्सल गोष्ट. शिवाय या सहलीत जे काही खरं घडतं ते माणसामाणसांत घडतं. भीतीने घट्ट धरलेला हात, रांगेत अचानक निघालेला दहा वर्षांपूर्वीचा विषय, कुणाच्या तरी नोकरी सोडण्याची पहिल्यांदाच झालेली वाच्यता, यांतलं काहीही प्लास्टिकचं नसतं. खरा धोका मोबाइलचा आहे. तोही रिकामा वेळ भरतो, पण प्रत्येकाचा वेगवेगळा भरतो. आणि मोठ्या परदेशी पार्कांत तर रांगेचे वेळ, जेवणाची ऑर्डर, पास सगळं ॲपवर असल्यामुळे मोबाइल खिशात ठेवताही येत नाही. त्यावर उपाय एकच: ॲप एकाने सांभाळायचं, बाकीच्यांनी मोबाइल बॅगेत टाकायचे, आणि दोन राइड्सनंतर जबाबदारी बदलायची.

म्हणून पुढच्या सहलीचं नियोजन करताना राइड्सची यादी थोडी बाजूला ठेवा आणि पाच गोष्टी आधी बोलून घ्या. कोण कशावर बसणार नाही. पास घ्यायचा तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. मोबाइल कुणाकडे राहील. शेवटची रांग किती वाजता, म्हणजे पाय संपायच्या आधी दिवस संपेल आणि सगळे एकत्र कुठेतरी निवांत बसून खातील. आणि पाचवी गोष्ट शिस्तीची: एकाने रांगेत उभं राहून ‘आमची माणसं मागून येताहेत’ म्हणत आठ जणांना पुढे घुसवायचं नाही. अनेक पार्कांचा तसा नियमच आहे, आणि नियम नसला तरी मागे उभ्या असलेल्या अनोळखी ग्रुपचा दिवसही तुमच्याइतकाच मोलाचा आहे. दिवसाला सातच राइड्स होणार हे मान्य करून निघालेल्या ग्रुपला सहा झाल्या तरी फार चुटपुट लागत नाही. ज्या मित्रांबरोबर एक तास नुसतं उभं राहायची तुमची तयारी नाही, त्यांच्याबरोबर थीम पार्कला जाऊ नका, सिनेमाला जा.